महाबळेश्वरचा मधोद्योग : सरकारी साह्य आणि आपण

मंडळाच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी आपल्या गावच्या इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना संपादक-भगिनींनी मला केली. महाबळेश्वरचा इतिहास म्हटला की माल्कमसाहेब, निरनिराळे पॉइंट, जुने बंगले आणि पंचगंगेचे देऊळ यांची वर्णने ठरलेली. ती आपण सर्वजणींनी वाचलेली आहेत. म्हणून मी थोडा निराळा विषय निवडला आहे. सरकारने एखाद्या धंद्याला साह्य करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? पैसे द्यावयाचे, हुन्नर शिकवावयाचे, माल विकत घ्यावयाचा, की गिऱ्हाइकाची फसवणूक थांबवावयाची? हा प्रश्न मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांत सुटावयाचा असे आपल्याला वाटते. परंतु त्याचे एक चांगले उत्तर आपल्या गावातच पाऊणशेहून अधिक वर्षे उभे आहे. ते म्हणजे येथील मध संचालनालय आणि त्याच्या आधाराने वाढलेला मधाचा उद्योग.

सरकार आणि येथील धंदे यांचा संबंध मधापासून सुरू झाला असे मात्र नाही. १८२९ साली साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज आणि इंग्रज सरकार यांच्यात करार होऊन वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात हा डोंगरमाथा इंग्रजांकडे गेला व माल्कम पेठ वसली. साहेब लोक उन्हाळ्यापुरते येत. त्यांना भाजीपाला, टोपल्या, नोकरचाकर लागत. त्या काळी येथे एक तुरुंग होता व त्यात चिनी कैदी ठेवलेले असत. या कैद्यांनी बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे फुलवले, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला, पण त्यांचा हात पाहून येथील माणसांनी जे उचलले ते मागे राहिले. चायनामन धबधब्याचे नाव त्यांचीच आठवण होय. सरकारने योजना आखून हे शिक्षण दिले नव्हते. ते आपोआप घडले.

याच्या उलट उदाहरण धावड लोकांचे. हे लोक येथल्या दगडातून लोखंड गाळीत. भट्टीला कोळसा लागे आणि कोळशाला जंगल. पुढे जंगल राखीव झाले, कोळसा मिळेनासा झाला, त्यातच विलायती लोखंड स्वस्त आले आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. जंगल राखले गेले हे चांगलेच झाले. त्यामुळे आज हे डोंगर हिरवे आहेत. पण ज्याची भट्टी विझली त्याने उद्या काय करावे, याचा विचार त्या वेळच्या सरकारने केला नाही. जंगल राखायचे आणि जंगलातल्या माणसालाही जगवायचे, ही दोन कामे एकत्र करणारा धंदा सापडावयास आणखी बराच काळ जावा लागला.

मध येथे पूर्वीपासून होताच. जावळीच्या आणि कोयनेच्या खोऱ्यातील माणसे पिढ्यान्पिढ्या मोहोळे काढीत आली. मात्र ती रीत निर्दय होती. कड्यावरचे आग्या मोहोळ रात्री पेटत्या चुडीने जाळायचे. झाडाच्या ढोलीतील सातेरी माशीचे पोळे कुऱ्हाडीने ढोली फोडून बाहेर काढायचे. मग सगळे पोळे हातांनी पिळायचे. त्यात अंडी, अळ्या, पराग, मेण, सगळेच पिळले जाई. असा मध गढूळ असे आणि लवकर आंबे. त्याला भाव तो काय येणार? शिवाय एकदा वसाहत मेली की पुढल्या वर्षी त्या ढोलीत काही नाही.

ही रीत बदलण्याची किल्ली दूर अमेरिकेत सापडली होती. १८५१ मध्ये लँगस्ट्रॉथ नावाच्या धर्मोपदेशकाच्या ध्यानात आले की, दोन पोळ्यांमध्ये साधारण एक सेंटिमीटरची फट ठेवली तर माश्या ती मेणाने बुजवीत नाहीत, येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. या साध्या निरीक्षणावरून सुटी चौकट असलेली मधपेटी निघाली. चौकट उचलायची, यंत्रात फिरवून मध काढायचा आणि रिकामे पोळे परत माश्यांना द्यायचे. माशी मरत नाही, पोळे मोडत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण हिंदुस्थानात रेव्हरंड न्यूटन यांनी आपल्या लहान सातेरी माशीला बेताची अशी पेटी बसवली. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला, तेव्हा हातकागद, तेलघाणी यांच्या पंगतीत मधमाशापालनही आले.

१९४६ साली मुंबई सरकारने ग्रामोद्योगाच्या कार्यक्रमात महाबळेश्वरला मधमाशापालनाचे काम सुरू केले. त्या वेळी बाळासाहेब खेर मुख्य होते आणि अर्थखाते वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होते. वैकुंठभाई सहकारी चळवळीत मुरलेले. गरिबाला भीक न देता त्याच्या हातात साधन आणि संघटना द्यावी, या मताचे. पुढे १९५७ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोग निघाला, त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. राज्याचे खादी व ग्रामोद्योग मंडळ १९६० च्या कायद्याने आले आणि येथील मध संचालनालय त्याच्या छत्राखाली गेले.

जागेची निवड योग्यच होती. आपल्या डोंगरांत जांभूळ, हिरडा, गेळा, अंजन, पिसा ही झाडे दाट आहेत. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, पण फुलली की डोंगरचे डोंगर निळे करते. प्रत्येक झाडाचा मध वेगळा. जांभळाचा मध काळसर आणि किंचित कडवट. तो आवडणारी माणसे दुसऱ्या मधाला हात लावीत नाहीत. येथील प्रयोगशाळेतून १९५३ साली महाबळेश्वरच्या डोंगरांतील मध देणाऱ्या झाडांच्या परागांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो कोणत्या झाडाचा हे सांगता येऊ लागले. १९६२ मध्ये पुण्याला केंद्रीय मधमाशा संशोधन संस्था निघाली, तिच्यामागे ही येथली पूर्वतयारी होती.

आता सरकारने केले काय ते पाहू. माझ्या मते तीन गोष्टी एकत्र केल्या, आणि त्या एकत्र केल्या म्हणूनच हे काम टिकले.

पहिली गोष्ट हुन्नराची. राणी माशी ओळखणे, वसाहतीची वाटणी करणे, माश्या उठून जाऊ नयेत म्हणून काय करावे, धूर किती द्यावा, मेणकिडा कसा आवरावा, हे पुस्तक वाचून येत नाही. शिकवणाऱ्याच्या शेजारी उभे राहून, दोन-चार डंख सोसूनच येते. संचालनालयाने हे शिक्षण गावोगावच्या माणसांना दिले.

दुसरी गोष्ट साधनाची. पेट्या, मधयंत्र, माश्यांच्या वसाहती हे सर्व विकत घ्यावयाचे म्हणजे डोंगरातल्या माणसाला परवडण्याजोगे नव्हे. मध केंद्र योजनेत निम्मे अनुदान आणि निम्मी स्वतःची गुंतवणूक असा वाटा आहे. हा निम्मा वाटा मला फार महत्त्वाचा वाटतो. फुकट मिळालेली पेटी पडवीत पडून राहते; घरचे पैसे घातलेल्या पेटीकडे माणूस रोज पाहतो.

तिसरी गोष्ट खरेदीची. मध तयार झाल्यावर तो घेणार कोण? डोंगरातला माणूस डबा घेऊन बाजारात आला की व्यापारी सांगेल तो भाव, आणि परत डोंगर चढण्यापेक्षा तो भाव बरा, असे चालत असे. हमी भावाने मध घेण्याची व्यवस्था झाली तेव्हा ही अगतिकता कमी झाली. मधपाळांची सहकारी संस्थाही उभी राहिली. ‘मधुसागर’ हे तिचे नाव आपल्याला परिचित आहेच. मंडळाचा स्वतःचा मध ‘मधुबन’ या नावाने विकला जातो.

नुसते शिक्षण दिले आणि पेटी दिली नाही तर शिकलेला माणूस घरी बसतो. पेटी दिली आणि खरेदी केली नाही तर तो कर्जात बुडतो. खरेदी केली आणि शिकवले नाही तर वाईट माल येतो. तीन पायांच्या शेगडीसारखे हे आहे. एक पाय काढला की भांडे कलंडते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण ती आपल्या भगिनींची आहे. माझ्या पाहण्यातील कित्येक घरांत पेटी आणि सभासदत्व पुरुषाच्या नावावर असते. पण पावसाळ्यात माश्यांना बाहेर चारा नसतो, तेव्हा साखरेचा पाक करून पेटीत ठेवायचा कोणी? पेटीच्या पायाखालच्या वाट्यांत मुंग्यांसाठी पाणी भरायचे कोणी? मध गाळायचा, बरण्या धुऊन वाळवायच्या कोणी? हे सर्व घरच्या बाईने. आपल्याकडे पावसाचे चार महिने काय असतात ते सांगायला नकोच. त्या चार महिन्यांत वसाहत जगली तरच उन्हाळ्यात मध. म्हणजे या धंद्याचे भांडवल जिने राखले तिचे नाव मात्र कागदावर नाही. आता तशी अडचण उरलेली नाही. २००८ पासून चालू असलेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील स्त्रीला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते आणि स्वतःचे ५ टक्केच घालावे लागतात. पण अर्ज तिच्या नावाने भरला पाहिजे, आणि पैसाही तिच्याच हाती राहिला पाहिजे.

धंद्याच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाकाठी साधारण पाच ते आठ किलो मध मिळतो. १९६० नंतर पंजाबकडे रुजलेली मेलिफेरा ही विलायती माशी याच्या कितीतरी पट मध देते, पण तिला मोठमोठी पिके आणि शेतोशेती पेट्या हलवणे लागते. आपल्या पावसाळी डोंगराला सातेरीच सोसते. तेव्हा आपला मध थोडा आणि म्हणून महाग. तशात जावळी-महाबळेश्वरची तरुण पिढी पूर्वीपासून मुंबईची वाट धरते. मुलगा पदवीधर झाला की त्याला माश्यांच्या पेटीजवळ उभे राहणे कमीपणाचे वाटते. वास्तविक पदवीधरालाच या धंद्यात अधिक वाव आहे. मधाची तपासणी, झाडांची माहिती, हिशेब, बाहेरगावची विक्री, ही कामे शिकलेल्याची आहेत. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. येथे धुराचे कारखाने येणार नाहीत. एकही झाड न तोडता चालणारा, उलट स्ट्रॉबेरीच्या आणि इतर फळांच्या पिकाला परागसिंचनाने हातभार लावणारा धंदा यापेक्षा दुसरा कोणता? २०२२ च्या १६ मे रोजी आपल्याच तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. या लहानशा गावात बहुतेक घरे मधाच्या कामात आहेत. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावानेही तोच मार्ग धरला.

आता राहिला चौथा पाय, तो गिऱ्हाइकाचा. शेतमालाची प्रत ठरवून ‘अॅगमार्क’चा शिक्का देण्याचा कायदा १९३७ चा, अन्नातील भेसळीविरुद्धचा कायदा १९५४ चा, आणि ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा, तो २०१९ मध्ये नव्याने झाला. पण या कायद्यांच्या मधल्या काळात, १९६६ साली, मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून देशातील एक आद्य ग्राहक संस्था, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी, काढली हे आपण विसरता कामा नये. डाळ-तेलातील भेसळ आणि मापातील खोट स्वयंपाकघरातच प्रथम कळते, तेव्हा त्या कामाला स्त्रियाच पुढे आल्या यात नवल नाही.

मधाच्या बाबतीत आज हीच दक्षता हवी. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातील १३ छापांच्या मधाची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा बहुतेक नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ आढळली. असा पाक स्वस्त पडतो. त्याच्यापुढे डोंगरातल्या मधपाळाचा खरा मध महाग ठरून पडून राहतो. म्हणजे भेसळीने आपली फसवणूक होते ती होतेच, शिवाय सरकारने पाऊणशे वर्षे उभारलेले काम तळातून पोखरले जाते. पाण्यात थेंब टाकून किंवा वात पेटवून मध पारखण्याच्या घरगुती युक्त्या या नव्या भेसळीपुढे चालत नाहीत. तसेच थंडीत मध थिजला म्हणून तो साखरेचा, हाही गैरसमज आहे. खरा मधही थिजतो. पारख करण्याचा त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग म्हणजे मध कोणाकडून आला हे माहीत असणे. आपण येथे राहतो, आपल्याला ते सहज माहीत होऊ शकते. बाहेरगावच्या माणसाला ही सोय नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस सभासदांना वर्षभर लागणारा मध एकत्र मागणी नोंदवून थेट मधपाळांकडून किंवा त्यांच्या संस्थेकडून घ्यावा. दुसरी, गावातील शिकलेल्या मुलींची एक तुकडी मध संचालनालयाच्या प्रशिक्षणाला मंडळाच्या वतीने पाठवावी, आणि त्यांच्या पेट्या त्यांच्याच नावावर असाव्यात. सरकारला जे करता येण्याजोगे होते ते त्याने बऱ्याच अंशी केले आहे. खऱ्या मधाला खरा भाव देणे आणि राबणाऱ्या बाईचे नाव कागदावर आणणे, एवढे काम आपल्या वाट्याला उरले आहे. ते पुढील वर्धापनदिनापर्यंत सुरू झालेले पाहावयास मिळो, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करते.