जात्याचा आवाज

डोळे मिटा. उघडाल तेव्हा 1967 साल असेल, डिसेंबरची 10 तारीख, आणि तुम्ही 'तुम्ही' राहिलेल्या नसाल. आता फक्त तू. आठ वर्षांची. सातारा जिल्ह्यातल्या डोंगरात, कोयनेच्या फुगवट्याच्या वर, बारा-पंधरा उंबऱ्यांच्या वाडीत.

घर कारवीच्या कुडाचं, शेणमातीनं लिंपलेलं, वर गवत शाकारलेलं. एकाच आढ्याखाली इकडे माणसं, तिकडे दोन गाई आणि पाडी. थंडीत गुरांची ऊब माणसांना पुरते. घोंगडी एकच, आजीची. तिच्या एका कुशीला तू, दुसऱ्या कुशीला धाकटा भाऊ.

जेवायला नाचणीची भाकरी आणि कुळथाचं माडगं. भात सणाला. "आपल्याला भाताची कधी ददात नव्हती गं," आजी म्हणते आणि दारातून खाली बोट दाखवते. "ती तिथं आपली खाचरं." तू रोज बघतेस. दिसतं ते पाणी. धरण भरलं तेव्हा शंभराच्या आसपास गावं उठली. कुणी सांगलीकडे गेलं, कुणी सोलापूरकडे, कुणी पार ठाण्याला. तुमच्यासारखे काही नुसते डोंगरावर सरकले. वरच्या उतारावर नाचणी आणि वरी येते, तीही दोन-तीन वर्षंच. मग जमीन पड टाकायची आणि दुसरा तुकडा खणायचा. तो खणते तुझी आई, कारण बाबा मुंबईला गिरणीत आहेत.

बाबा गावकीच्या खोलीत राहतात. एक पाळी कामावरून आली की तिच्या जागी दुसरी जाते, आणि त्याच वळकटीवर झोपायला माणूस बदलतो. शिमग्याला ते आले होते तेव्हा तू विचारलंस, तिथं दिवा कसा असतो? "बटण दाबलं की लागतो," ते म्हणाले. देवळात शाळा भरवणारे मास्तर सांगतात की ती वीज आपल्याच पाण्याची. हे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पलीकडे कोकणात, पोफळीला उतरतं, तिथं चक्रं फिरतात, आणि तारांवरून वीज मुंबईला जाते. तू हे रॉकेलच्या चिमणीपाशी पाटीवर लिहितेस. वाकून लिहिताना केसांची टोकं करपतात. जेवणं झाली की आई फुंकर मारते, कारण बाटलीत रॉकेल बोटभरच उरलंय.

झोप. पहाटे तुला जातं जागं करील, रोज करतं तसं. आई चारच्या सुमाराला उठते, पसाभर नाचणी घेते आणि खुंटा धरते. घरघर सुरू झाली की तुला अंथरुणातच कळतं, आई आहे.

आज घरघर वाढते. तुला वाटतं, आईनं घास जास्त घातला. मग आईचा आवाज येतो, "मी थांबलेय." जातं उभं आहे आणि घरघर चालूच आहे, खालून. 4 वाजून 21 मिनिटं झाली आहेत; तुमच्या घरात घड्याळ नाही. मेढी करकरतात, गाई दावं ताणून हंबरतात, शिंक्यातलं मडकं कुडावर आपटून फुटतं. आई तुम्हा दोघांना ओढत अंगणात आणते. आजी मागून रांगत येते.

धरण भरल्यापासून जमीन गुरगुरतच होती. 13 सप्टेंबरलाही मोठा हादरा बसला होता. पण हा तसा नाही.

कुडाचं घर डोलतं, कलतं आणि उभं राहतं. हलकं असल्यानं वाचलं. खालच्या वाडीत दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. उजाडल्यावर हेळवाकच्या बाजूनं माणसं येतात, बसतात, पाणी मागतात आणि बराच वेळ बोलत नाहीत. कोयनानगर पडलं आहे. सुमारे 180 माणसं गेली.

आठवडाभर तुम्ही अंगणातच निजता. बाबा येतात ते चालत, पाय सुजलेले. घराकडे न बघता आधी तुम्हा दोघांना चाचपतात.

आता परत या. तुमच्या खोलीत दिवा लागलेला असेल. कोयनेची वीज महाराष्ट्र अजून वापरतो, आणि तिच्यासाठी खाचरं सोडलेल्यांची नातवंडं पर्यायी जमिनीसाठी या शतकातही आंदोलनाला बसली आहेत. ती आजीची खाचरं होती. त्यांचं देणं देऊन टाका.