पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर कावीळ झाली तर : एमआरसीपी तपासणी काय दाखवते

खड्यांमुळे पित्ताशय काढायचे ऑपरेशन आता सोलापुरातही नेहमीचे झाले आहे. भारतात दुर्बिणीतून ते पहिल्यांदा झाले १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उदवाडिया यांच्या हातून. बहुतेक पेशंट दोन-तीन दिवसांत घरी येतात. हजारात साधारण ३ ते ६ जणांच्या पित्तनलिकेला मात्र इजा होते.

पित्ताशय काढले तरी यकृतात पित्त तयार होतच राहते आणि नलिकेतून आतड्यात उतरते. या नलिकेवर चुकून क्लिप बसली, ती कापली गेली, कापलेल्या टोकातून पित्त झिरपू लागले किंवा आत एखादा खडा राहून गेला, तर त्रास सुरू होतो. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग पांढरट, अंगाला खाज, थंडी वाजून ताप, पोट फुगणे-दुखणे. नलिका आकसली असेल तर ही लक्षणे काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही दिसतात.

इथेच आपल्या घरांत घोळ होतो. कावीळ म्हटली की कुणीतरी झाडपाल्याचे औषध सांगतो, कुणी उतारा करायला नेतो आणि आठवडा निघून जातो. ऑपरेशननंतरची कावीळ ही साधी कावीळ समजायची नाही. दुआ जरूर करा, पण त्याच दिवशी सर्जनकडे जा. थंडी-ताप असेल तर रात्रीसुद्धा थांबू नका.

आधी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी होते. सोनोग्राफीत नलिका फुगलेली दिसते, पोटात साचलेले पाणीही दिसते; पण आतड्यातल्या हवेमुळे नलिकेचा खालचा भाग अनेकदा झाकला जातो. मग एमआरसीपी. ही एमआरआय मशीनवरच होते, तिच्यात क्ष-किरण नसतात. स्थिर द्रव पांढराशुभ्र उमटतो, त्यामुळे पित्तनलिकांचे झाडच समोर येते. खडा काळ्या डागासारखा दिसतो, नलिका कुठे आकसली किंवा तुटली तेही कळते. अगदी बारीक खडा मात्र निसटू शकतो. आणि साचलेले पाणी पित्तच आहे का, गळती अजून चालू आहे का, हे साध्या एमआरसीपीत नक्की ठरत नाही. त्यासाठी खास इंजेक्शन देऊन एमआरआय किंवा दुसरी तपासणी लागते.

पोटातल्या क्लिपची भीती बऱ्याच जणांना असते. त्या सहसा टायटॅनियमच्या असतात, त्यांनी तपासणी अडत नाही. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. ताविजाची धातूची खोळ, अंगठी, बांगड्या, हिजाबच्या पिना बाहेर काढून ठेवाव्या लागतात, सुरमाही पुसून जा. महिला टेक्निशियन हवी असेल तर वेळ घेतानाच विचारा. पोट चार ते सहा तास रिकामे लागते. साध्या तपासणीत सुई नसते, म्हणून रमजानमध्ये दिवसाही ती होऊ शकते. काही सेंटरवर आधी अननसाचा रस पाजतात, तेवढे विचारून घ्या.

एमआरसीपी म्हणजे फोटो, इलाज नव्हे. खडा काढणे किंवा गळतीसाठी स्टेंट टाकणे तोंडातून दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपीने होते. नलिका पूर्ण कापली गेली असेल तर मोठे ऑपरेशन लागते आणि ते या कामाचा अनुभव असलेल्या सर्जनकडेच करावे, मग पुणे-मुंबई गाठावी लागली तरी. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि एमआरसीपीची सीडी सोबत घ्या; नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही, नवा सर्जन फोटो स्वतः बघतो.