वळिवड्याची पोलिश छावणी

कोल्हापूरच्या पूर्वेला, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगतच्या वळिवडे गावी १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात भारताने आश्रय दिलेल्या पोलिश नागरिकांची ही सर्वांत मोठी वसाहत. येथील सुमारे ५,००० रहिवाशांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. १९४० आणि १९४१ मध्ये हजारो कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आले. लाकूडतोड, शेतमजुरी, उपासमार आणि टायफस यांत अनेकांची मुले व आईवडील दगावले. जर्मनीने सोव्हिएत संघावर चढाई केल्यानंतर, जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारान्वये त्यांची सुटका झाली. पुढच्या वर्षी जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर हे लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. पुरुष सैन्यात राहिले. बायकामुलांना कराचीमार्गे भारतात आणण्यात आले.

याआधी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला होता. वळिवड्यात मात्र अख्खी कुटुंबे राहणार होती. त्यामुळे येथील बराकींत प्रत्येक कुटुंबासाठी खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पडवी अशी सोय केलेली होती. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सोयीचे मोल मोठे होते. वर्षानुवर्षे सामुदायिक कोठारांत आणि तंबूंत काढलेल्या बायकांना पुन्हा स्वतःची चूल मिळाली. त्यांनी दारात फुलझाडे लावली. चर्च, दवाखाना, शाळा, अनाथाश्रम, नाट्यगृह आणि बालवीरांची पथके यांनी वसाहत गजबजून गेली. मुलांचे शिक्षण पोलिश भाषेतच चाले. छाती अशक्त असलेल्यांना हवापालटासाठी पाचगणीच्या आरोग्यकेंद्रात पाठवले जाई. साताऱ्याच्या डोंगरातील हे ठिकाण क्षयरुग्णांच्या विश्रांतीसाठी आधीपासूनच प्रसिद्ध होते.

विसावा मिळाला, तरी घोर संपला नव्हता. अनेकींचे पती आणि मुलगे इटलीच्या आघाडीवर लढत होते. फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहणार हे ठरले, आणि ज्या गावी परतायचे ते गावच परक्या मुलखात गेले. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणीचा मुख्य आधार गेला. १९४६ मध्ये बालाचडीची उरलेली मुले येथे आली. पुढील दोन वर्षांत बहुतेक जण ब्रिटनला आणि तेथून इतर देशांत पांगले, तर काही पोलंडला परतले.

मोकळ्या झालेल्या बराकींत फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे राहायला आली. त्यांची वसाहत म्हणजेच आजचे गांधीनगर, कोल्हापूर परिसरातील कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश रहिवाशांच्या कबरी आहेत, महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे, आणि २०१९ मध्ये वळिवड्यातही स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले.