पर्जन्यछाया

डोंगररांगेच्या वाऱ्याआडच्या बाजूचा कमी पावसाचा प्रदेश. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. उंचीवर दाब कमी असल्याने हवा प्रसरण पावते आणि त्या प्रसरणानेच थंड होते. तिची उष्णता बाहेर कोठे जात नाही, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. बाष्पाचे ढग बनून घाटमाथ्यावर कोसळतात. पलीकडे उतरताना हवा दाबली जाऊन तापते, ढग विरतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक, तर पुण्यात सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे परिसरातील धायरी या छायेतच येते. मात्र जवळचा सिंहगड सुमारे १३०० मीटर उंच असल्याने हवेला पुन्हा वर ढकलतो. परिणामी गड ढगांत असताना धायरीत अनेकदा नुसती भुरभुर असते.