प्रभातचे पाच भागीदार

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु गेल्या सभेत वर्धापनदिनाच्या नाटकावरून जो वाद झाला, तो माझ्या मनातून जाईना. यंदा नाटक आपण न बसवता पैसे देऊन बाहेरचा कार्यक्रम आणावा, असे काही भगिनींचे म्हणणे पडले. ते ऐकताना मला प्रभात फिल्म कंपनी आठवली.

माझ्या आजीने लहानपणी 'संत तुकाराम' पाहिला होता. तुकोबा विमानात बसले तेव्हा शेजारच्या बायका हात जोडून उभ्या राहिल्या, असे ती सांगे. मी तो दूरदर्शनवर पाहिला आणि मग वाचनालयातून प्रभातविषयी मिळेल ते वाचून काढले.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती. बाबूराव स्वतः चित्रकार. कॅमेरासुद्धा त्यांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून घरीच बनवला. त्याच शाळेत दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर तयार झाले. १ जून १९२९ रोजी या चौघांनी कोल्हापुरातच प्रभात काढली. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी सराफीतले; पैशाची बाजू त्यांनी उचलली. १९३३ साली कंपनी पुण्यास आली.

आता पाहा, मालक म्हणून नुसते खुर्चीत बसणारे यांत कोणी नव्हते. दामले ध्वनी पाहत, फत्तेलाल देखावे व पोशाख, धायबर कॅमेरा, शांताराम दिग्दर्शन. भिंत रंगविणाऱ्याला रंग चुकला तर ते मालकालाच कळत असे, कारण मालकानेही हातात ब्रश धरलेला होता. चुका त्यांच्याही झाल्या. १९३३ चा 'सैरंध्री' रंगीत करण्याचा हव्यास धरून जर्मनीपर्यंत गेले, पण रंग साधले नाहीत आणि चित्रपट पडला. तरी पुढच्याच वर्षी 'अमृतमंथन' आला.

'संत तुकाराम' १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा. तुकोबांचे काम विष्णुपंत पागनीसांना दिले. रंगभूमीवर ते स्त्रीभूमिका करीत असत. जिजाईचे काम करणारी गौरी कंपनीतच लहानसहान कामे करीत पुढे आलेली. शेणामातीत वावरणारी, देवालाही दोन शब्द सुनावणारी ती जिजाई आपल्या आळीतलीच वाटते! मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ साली व्हेनिसला त्याचा गौरव झाला.

त्याच वर्षी शांतारामांचा 'कुंकू' आला. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वराशी फसवून लग्न लावलेली तरुण मुलगी त्याला नवरा मानायचेच नाकारते. त्या काळी असा विषय घ्यायला छाती लागली असेल. शिवाय पार्श्वसंगीत घ्यायचे नाही असे ठरविले. दृश्यात जे आवाज असतील तेवढेच. धंद्याकडे पाहणाऱ्या परक्या मालकाने हे चालू दिले असते, असे मला वाटत नाही.

परंतु या मालकीला दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. 'कुंकू'त नायिका झालेल्या शांता आपटे यांनीच १९३९ साली प्रभातच्या फाटकापाशी उपोषण केले. पडद्यावर जी मुलगी अन्यायाला नाही म्हणते, तिला बाहेर करारासाठी दारात बसावे लागले. चांगले चित्रपट काढणारे मालक चाकरांशीही चांगले असतीलच, असे नाही.

पुढे भागीदारांचे पटेना. धायबर आधीच गेले होते; १९४२ साली शांताराम गेले व त्यांनी मुंबईस राजकमल काढले. १९४४ चा 'रामशास्त्री' उत्तम निघाला, पण १९४५ साली दामले वारले. तुतारी वाजविणारी बाई पडद्यावर तीच राहिली, चित्रपटांतला तो कस मात्र उतरला. काही वर्षांत कंपनीच बंद पडली. १९६० साली त्या जागेत सरकारची चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू झाली.

राजकमलमध्ये शांताराम एकटेच धनी होते. तेथे 'दो आँखें बारह हाथ' निघाला, ते श्रेय त्यांचेच. पण पुढचे काही चित्रपट पाहताना भडकपणा फार वाटतो. दामल्यांसारखा शेजारी बसून "अण्णा, हे नको" म्हणणारा कोणी तेथे राहिला नसावा, हा आपला माझा तर्क.

आपल्या मंडळाचे पहिले नाटक ज्या पाचजणींनी बसविले, त्यांपैकी तिघी आजही सभेला येतात. भांडणे त्यांचीही होत; एका प्रवेशावरून दोघी महिनाभर बोलत नव्हत्या. त्या नाटकाचा पडदा त्यांनीच शिवला होता. तो माझ्या ट्रंकेत आहे. एका कडेला उसवला आहे, बाकी कापड शाबूत आहे. पुढच्या सभेला मी तो घेऊन येते.