कोर्साज : एका फुलाचे स्थलांतर

एका अमेरिकन कथेच्या मराठी अनुवादावर वर्गात चर्चा चालली असताना एका साध्या वाक्यापाशी आम्ही अडखळलो. नवरीची मैत्रीण आरशासमोर उभी राहून मनगटावरचा कोर्साज सारखा करते, एवढेच ते वाक्य. अनुवादात 'मनगटावरचा गजरा' असे आले होते. शब्दाला शब्द पाहिला तर त्यात चूक काढता येत नव्हती. पण मनगटाला गजरा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बैठकीत लोडाला टेकून लावणी ऐकणारा शौकीन उभा राहतो. चर्चच्या दाराशी थांबलेली तरुणी त्याला दिसत नाही. त्या तरुणीला 'करवली' म्हणावे, तर करवली नात्याने ठरते आणि तिच्या हाती करा असतो. 'पाठराखीण' म्हणावे, तर ती नवरीबरोबर सासरी जाते. गोव्यातील ख्रिस्ती लग्नांत या मुलीला कोंकणीत 'धेडी' असा नेमका शब्द आहे, परंतु तो मराठीत रुळलेला नाही. म्हणून या लेखापुरते आम्ही तिला 'वधूसखी' म्हणतो, आणि तिच्या फुलाचा माग काढतो.

माग काढायला मूळ शब्दच उपयोगी पडतो. फ्रेंच भाषेत 'कोर्साज' म्हणजे धड, आणि पुढे पोशाखाचा छातीवरचा भाग. आपल्याकडची चोळीच म्हणा ना. त्या भागावर टाचायच्या फुलांना 'बुके द कोर्साज' असे म्हणत. इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, हा शब्दसमूह आखूड होत गेला. त्यातला गुच्छ गळाला आणि चोळी तेवढी उरली. त्यामुळे 'मनगटी कोर्साज' याचा व्युत्पत्तीला धरून अर्थ करायचा तर तो 'मनगटावरची चोळी' असा विनोदी होईल. फूल छातीवरून मनगटावर आले, पण त्याच्या नावाने जुना पत्ता सोडला नाही. हे स्थलांतर का झाले आणि त्यामुळे काय बदलले, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

वधूसख्यांची परंपरा रोमन काळापासूनची आहे, लग्नाला दहा साक्षीदार लागत म्हणून नवरीसारख्याच पोशाखातल्या दहा मुली उभ्या राहत, असे हौसेने सांगितले जाते. यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. रोममधील 'कॉन्फारेआतिओ' या धार्मिक विवाहविधीला दहा साक्षीदार लागत हे खरे. पण ते साक्षीदार म्हणजे नवरीच्या मैत्रिणी नव्हेत. वधूवरांचे हात एकमेकांच्या हाती देणारी 'प्रोनुबा' ही विवाहित स्त्री असे, आणि तिचे लग्न एकदाच झालेले असावे असा संकेत होता. आपल्याकडील सवाष्णीच्या मानाशी तिचे नाते अधिक जवळचे वाटते.

फुलांचा धागा इंग्लंडमध्ये अधिक स्पष्ट सापडतो. सोळाव्या शतकात तेथे लग्नाची वनस्पती म्हणजे रोझमेरी. १५४० साली आठव्या हेन्रीशी विवाह करताना अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्जच्या मुकुटाभोवती रोझमेरीच्या डहाळ्या होत्या, असे हॉलच्या बखरीत नमूद आहे. ही स्मृतीची वनस्पती. म्हणून ती लग्नात चाले तशी अंत्यविधीतही चाले. 'हॅम्लेट'मधील ऑफेलिया ती आठवणीसाठी देते, आणि 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये लग्नाची तयारी चाललेल्या घरात तीच डहाळी ज्युलिएटच्या निश्चेष्ट देहावर ठेवण्यास पाद्री सांगतो. शेक्सपियरच्या प्रेक्षकाला यातील आघात वेगळा समजावून द्यावा लागला नसेल.

याहून महत्त्वाचा पुरावा १५७५ सालचा आहे. त्या उन्हाळ्यात केनिलवर्थच्या किल्ल्यात एलिझाबेथ राणीच्या करमणुकीसाठी गावाकडच्या लग्नाची मिरवणूक काढण्यात आली. रॉबर्ट लँगमच्या नावावर असलेल्या पत्रात तिचे वर्णन आहे. मिरवणुकीतील प्रत्येक गड्याने निळ्या फितीने एक डहाळी डाव्या दंडाला बांधली होती. डाव्या यासाठी की त्या बाजूला हृदय असते. डहाळी मात्र रोझमेरीची नव्हती. त्या भागात रोझमेरी दुर्मीळ, म्हणून ब्रूम नावाच्या रानटी झुडपाची हिरवी फांदी घेतलेली होती. लग्नातले फूल हाताला बांधणे ही विसाव्या शतकाची युक्ती आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे पत्र जरूर वाचावे. जे मिळते त्यातून निवडायचे आणि निवडीला अर्थ द्यायचा, ही रीतही त्यात आहे. पण दंडावरची ही डहाळी पुरुषांची आहे. स्त्रियांचे फूल हातावर यायला अजून साडेतीनशेहून अधिक वर्षे लागायची होती.

मधल्या काळात वधूसखी ही मुख्यतः पाहण्याची गोष्ट झाली. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीचे लग्न झाले. राणीच्या डोक्यावर संत्र्याच्या फुलांचे वेटोळे होते, आणि तिचा घोळ सांभाळणाऱ्या बारा मुली पांढऱ्या पोशाखात, पांढऱ्या गुलाबांनी सजलेल्या होत्या. त्यांच्या पोशाखाचे रेखाटन राणीने स्वतः केले होते. बारा जणी आणि एकच रेखाटन! प्रत्येकीचे वेगळेपण पुसूनच ते दृश्य सिद्ध होत होते. यानंतर सातच वर्षांनी शार्लट ब्राँटेने जेन एअरला चर्चमध्ये नेले ते एकाही वधूसखीशिवाय. लेखिका ही उणीव मुद्दाम नोंदवते. साक्षीला आपले कोणी नाही, यातच त्या लग्नातला घोटाळा वाचकाला जाणवू लागतो. म्हणजे वधूसखी शोभेसाठी होती, तरी तिच्या नसण्याने लग्नाची विश्वासार्हता डळमळत होती.

फुले निवडायची कोणी, याचा दाखला इडिथ व्हॉर्टनच्या 'द एज ऑफ इनोसन्स' (१९२०) मध्ये मिळतो. कादंबरीचा काळ १८७० च्या दशकातील न्यूयॉर्कचा. न्यूलंड आर्चर विवाहवेदीपाशी उभा राहून आपण पार पाडलेल्या कर्तव्यांची मनाशी उजळणी करतो. त्यांत आठ वधूसख्यांसाठी पाठवलेले पांढऱ्या लायलॅकचे आणि लिली ऑफ द व्हॅलीचे गुच्छ आहेत, तसेच मित्रांसाठी दिलेली सोन्याची बटणेही आहेत. वधूसख्यांच्या फुलांचा खर्च वराकडे, असा तो शिष्टाचार. फुले आठ जणींची. त्यांपैकी एकीचीही पसंती त्या यादीत नाही.

आणि छातीवरचे फूल? त्याची गोष्ट प्रूस्तने १९१३ साली सांगून ठेवली आहे. ओदेतच्या पोशाखावर, अगदी मूळ अर्थाच्या कोर्साजवर, कॅटलिया ऑर्किड टाचलेली असतात. गाडीला हिसका बसतो, फुले विस्कटतात, आणि ती सारखी करू का, अशी परवानगी स्वान मागतो. पुढे त्या दोघांच्या खासगी भाषेत त्या फुलाचे नाव हेच शृंगाराचे नाव होते. प्रसंग हळुवार आहे, पण त्यातली सोय आमच्या नजरेतून सुटत नाही. छातीवरचे फूल दुसऱ्याच्या नजरेसाठी असते, आणि ते सारखे करण्याच्या निमित्ताने दुसऱ्याचा हातही तेथवर येतो.

फूल मनगटावर आले ते मात्र कोणा विचारवंताच्या आग्रहाने आलेले नाही. ते कापडामुळे आले. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत खांदे उघडे ठेवणारे, तलम कापडाचे पोशाख रूढ झाले. टाचणी लावायला जागा उरली नाही, आणि लावली तर कापड ओघळे वा फाटे. मग गुच्छ फितीवर किंवा इलॅस्टिकच्या पट्टीवर बसवून हाताला बांधू लागले. त्याबरोबर निवडीचे निकषही पालटले. हात सतत हलणार आणि फुलांना पाणी मिळणार नाही, तेव्हा लिली ऑफ द व्हॅली लवकर माना टाकते; गार्डेनियाच्या पाकळ्या नुसत्या स्पर्शाने तपकिरी पडतात. टिकतात ती ऑर्किड, कार्नेशन, लहान गुलाब. गुच्छ जड नको, आणि तो शक्यतो डाव्या हाताला, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो.

या मोकळ्या हाताला आम्ही महत्त्व देतो. इंग्लंडमध्ये १७५३ च्या विवाह कायद्याने दोन साक्षीदार आणि नोंदवहीत त्यांच्या सह्या आवश्यक ठरवल्या. हातात गुच्छ धरून उभी राहणारी मुलगी चित्रात शोभते. मनगटाला फूल बांधलेली मुलगी नवरीचा घोळ उचलू शकते, तिचा गुच्छ धरू शकते आणि साक्षीदार म्हणून सहीही करू शकते. केनिलवर्थच्या गड्यांचे हातही असेच मोकळे होते.

मैत्रिणींचे हात म्हटले की आम्हांला 'शाकुंतल'चा चौथा अंक आठवल्यावाचून राहत नाही. शकुंतलेच्या पाठवणीसाठी अनसूयेने बकुळीची माळ नारळाच्या करंडीत घालून आंब्याच्या फांदीला आधीच टांगून ठेवलेली असते. निवड तिची, जपणूक तिची, वेळेची जाण तिची. पण हस्तिनापुरी जाण्याची वेळ येते तेव्हा कण्व या दोघींना थांबवतात, कारण त्यांचीही लग्ने व्हायची आहेत. पुढे दुष्यंताच्या दरबारात शकुंतलेला ओळख नाकारली जाते, तेव्हा शापाची हकीकत ठाऊक असलेल्या या दोन साक्षीदार तेथे नसतात. नवरीला सजवणाऱ्या मैत्रिणींना केवळ सजावटीपुरते धरले की काय होते, हे कालिदासाने एकही वाक्य खर्च न करता दाखवून दिले आहे.

आता पुन्हा त्या अनुवादाकडे. वर्गाने अखेर 'मनगटावर बांधलेली फुले' असा पर्याय स्वीकारला. तो सपाट आहे, पण शौकिनाला कथेत शिरू देत नाही. आमच्या मते त्या वाक्याचे मर्म वेगळ्याच जागी आहे. छातीवर टाचलेले फूल नीट करायला त्या मुलीला आरसा लागलाच असता, नाही तर दुसऱ्याचा हात. मनगटावरचे फूल तिला आरशाशिवायही दिसते. तरीही लेखिकेने तिला आरशासमोर उभे केले आहे. फूल खाली आले, नजर अजून वरच राहिली आहे. अनुवाद करायचा तो या अंतराचा.