बाप्तिस्मा

ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा संस्कार. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्यात बुडवून किंवा मस्तकावर पाणी ओतून तो देतात. तो आयुष्यात एकदाच घ्यायचा असतो. येशूने स्वतः यार्देन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेतला. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ६) त्याचा अर्थ ख्रिस्ताबरोबर मरणे, पुरले जाणे आणि नव्या जीवनात चालणे असा लावला आहे. पापक्षालनाचा अर्थ अधिक प्रचलित असला, तरी गाभा पौलाच्या या विवेचनातच आहे.

विधी : ‘डिडाखे’ या आरंभकाळातील ग्रंथात वाहते पाणी घ्यावे, ते नसल्यास दुसरे, थंड न चालल्यास कोमट, आणि पुरेसे पाणीच नसेल तर मस्तकावर तीनदा ओतावे, असे सांगितले आहे. देणाऱ्याने व घेणाऱ्याने आधी उपास करावा, असेही त्यात आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व अँग्लिकन मंडळ्या बालकांनाही बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट मंडळ्या समजत्या वयात विश्वास कबूल केल्यावरच देतात. हा मतभेद मिटलेला नाही. क्वेकर व साल्व्हेशन आर्मी हा विधी करीत नाहीत.

धर्ममातापिता : बालकाला विश्वासात वाढवण्याची जबाबदारी घेतात.

मराठी मुलखात : एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा म्हणजे घर, जात आणि पंगत यांना जाहीरपणे मुकणे होते. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० चा २१ वा कायदा झाला. तुटलेल्या घरांवर मात्र कायद्याचा इलाज नव्हता. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बेळगावास बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्याआधीची मनाची घालमेल तपशिलाने आली आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त मात्र बऱ्याच वर्षांनी भेटला, असे त्यांनी पुढे नमूद केले. संस्कार आणि श्रद्धा यांतील अंतर इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कोणी मांडले असेल.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. त्यानंतर पतिपत्नी काही वर्षे वेगळी राहिली. पत्नी लक्ष्मीबाई पुढे टिळकांकडे परतल्या, तरी त्यांनी सोवळे सोडले नाही आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला. त्यांच्या मनातला जातिभेद आधी गेला, बाप्तिस्मा नंतर झाला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा क्रम त्यांनी जसा घडला तसा सांगितला आहे, म्हणून या विषयावर त्या ग्रंथाचे मोल धर्मशास्त्रावरील पुस्तकांहून कमी नाही.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ योजला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. दरबार पुढे वाढला नाही.